फुटबॉल सामन्याचा अंदाज: आधी आकडा, मग डावपेच, भाव सगळ्यांत शेवटी

शनिवारी दुपारपासून आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो: "आज कोण?" उत्तरं पटापट येतात. कोणी मागच्या पाच सामन्यांचा फॉर्म टाकतो, कोणी जखमी खेळाडूंची यादी, कोणी कुठल्याशा टेलिग्राम चॅनेलचा स्क्रीनशॉट. आणि प्रत्येकाने सगळ्यांत आधी भाव (लावलेल्या एका रुपयाला बुकी जिंकल्यावर किती परत देतो तो आकडा) बघितलेला असतो. गडबड तिथेच होते. भाव एकदा डोक्यात बसला की पुढचा सगळा अभ्यास तो भाव बरोबर कसा किंवा चुकीचा कसा हे पटवण्यात जातो. ती वकिली झाली, अंदाज नव्हे.

दुसरी गडबड उत्तराच्या स्वरूपातच आहे. "आर्सेनल जिंकणार" हा अंदाज नाही. "असा सामना शंभर वेळा झाला तर आर्सेनल ७५ वेळा जिंकेल, १५ वेळा बरोबरी होईल, १० वेळा हरेल" हा अंदाज आहे. तीन आकडे, बेरीज शंभर. खालचे सगळे टप्पे हे तीन आकडे काढण्यासाठी आहेत. क्रम मोडू नका, कारण चुका बहुतेक क्रमातच होतात.

उदाहरणाला इंग्लिश प्रीमियर लीग घेतो आणि त्यातला एकच सामना शेवटपर्यंत धरतो: १४ एप्रिल २०२४, आर्सेनल विरुद्ध अ‍ॅस्टन व्हिला, आर्सेनलच्या घरच्या मैदानावर. निकाल आठवत असेल तर तूर्त विसरा.

सुरू करण्याआधी: पैशांचं काय?

भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. ऑनलाइन सट्टा त्यातच येतो. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आहेच. "साइट परदेशातली आहे, आपल्याला काय होतंय" म्हणणारा एजंट पैसे अडकल्यावर फोन उचलत नाही. तेव्हा इथे राहणाऱ्यांनी हे सगळं वहीत करायचं, मित्रांशी गुणांची स्पर्धा लावायची, हरणाऱ्याने चहा पाजायचा. ब्रिटनमध्ये १८ वर्षांपुढच्या माणसाला परवानाधारक कंपनीकडे बेट लावणं कायदेशीर आहे. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी सहावा टप्पा दोनदा वाचावा. पैसे नेमके कुठून गळतात ते तिथे दिसेल.

टप्पा १: वही आणि कच्चे आकडे

एक एक्सेल शीट किंवा गुगल शीट उघडा. प्रत्येक संघासाठी एवढेच रकाने: खेळलेले सामने, केलेले गोल, खाल्लेले गोल, आणि मिळाले तर अपेक्षित गोल म्हणजे एक्सजी, केलेले आणि दिलेले. घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे ठेवलेत तर उत्तम. युरोपातल्या पाच मोठ्या लीगचे एक्सजी अंडरस्टॅट या साइटवर फुकट बघता येतात.

एक्सजी म्हणजे काय ते एका ओळीत: प्रत्येक फटका किती अंतरावरून, कुठल्या कोनातून मारला वगैरे बघून तसले फटके किती वेळा गोल होतात ते ठरवायचं आणि त्याची बेरीज करायची. पेनल्टीला साधारण ०.७६ ते ०.७९ मिळतात, तीस मीटरवरून हाणलेल्या फटक्याला दोन-तीन शतांश. संघ ०-१ हरला पण एक्सजी २.१ विरुद्ध ०.४ असेल, तर त्या पराभवाला फार महत्त्व देऊ नका. गोल मुळात कमी होतात हे फुटबॉलचं दुखणं आहे. प्रीमियर लीगच्या २०२३-२४ हंगामात १,२४६ गोल झाले, ३८ फेऱ्यांच्या हंगामातला तो विक्रम, तरी सरासरी सामन्याला ३.२८ च. इतक्या कमी घटनांवर निकाल ठरतो तिथे नशिबाला भरपूर जागा असते. फटके त्याहून खूप जास्त असतात, म्हणून एक्सजी गोलांपेक्षा लवकर स्थिरावतो.

पेनल्टीचे एक्सजी वजा करून घ्या. तीन सामन्यांत तीन पेनल्टी मिळालेला संघ कागदावर फार तगडा दिसतो, चौथ्या सामन्यात ती मिळेलच असं नाही.

काय घेऊ नये? चेंडूवरचा ताबा, एकूण पास, धावलेलं अंतर. हे आकडे टीव्हीवर छान दिसतात. २०१५-१६ मध्ये लेस्टर ८१ गुण मिळवून विजेता झाला, तेव्हा चेंडू बहुतेक वेळ समोरच्या संघाकडेच असायचा.

> तपासणी: सगळ्या २० संघांच्या केलेल्या गोलांची बेरीज आणि खाल्लेल्या गोलांची बेरीज सारखी आली पाहिजे. नसेल तर कुठेतरी ओळ चुकली आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा २: संघाची ताकद लीगच्या सरासरीशी मोजा

"आर्सेनलने ९१ गोल केले" या वाक्यातून काहीच कळत नाही, लीगची सरासरी किती ते कळल्याशिवाय. १,२४६ गोल, २० संघ, प्रत्येकी ३८ सामने. म्हणजे एका संघाची एका सामन्यातली सरासरी १.६४. आता दोन्ही संघांचे आकडे या सरासरीने भागा. इथे सोपं पडावं म्हणून गोल घेतोय, एक्सजी असतील तर त्यांचाही हिशेब असाच.

आर्सेनलने ९१ केले, २९ खाल्ले. सामन्याला २.३९ आणि ०.७६. सरासरीने भागलं की हल्ला १.४६, बचाव ०.४७. बचावाचा आकडा जितका लहान तितका बचाव चांगला, हे नवख्यांच्या डोक्यात उलटं बसतं.

व्हिलाने ७६ केले, ६१ खाल्ले. सामन्याला २.०० आणि १.६१. हल्ला १.२२, बचाव ०.९८.

आता गुणाकार. आर्सेनलचे अपेक्षित गोल = लीगची सरासरी × आर्सेनलचा हल्ला × व्हिलाचा बचाव = १.६४ × १.४६ × ०.९८ = सुमारे २.३४. व्हिलाचे = १.६४ × १.२२ × ०.४७ = सुमारे ०.९३ (मधले आकडे न कापता केलेला हिशेब). मैदान तटस्थ असतं तर २.३४ विरुद्ध ०.९३.

> थांबा: वर मी पूर्ण हंगामाचे आकडे घेतले, आणि त्यात १४ एप्रिलचा तो सामनाही आला! हिशेब समजावायला हे चालतं, अंदाज करताना नाही. सामन्याच्या आदल्या दिवशीपर्यंतचेच आकडे घ्यायचे. जुन्या सामन्यांवर आपली पद्धत तपासून "माझे ऐंशी टक्के बरोबर येतात" म्हणणारे बहुतेक जण नकळत हीच कॉपी करत असतात.

हंगामाच्या सुरुवातीला वेगळी अडचण येते. पाच सामन्यांत १२ गोल केलेला संघ खरंच सामन्याला २.४ चा आहे का? बहुधा नाही. आकडा सरासरीकडे ओढा. सोपा उपाय: त्या संघाच्या खात्यात सरासरी दर्जाचे दहा खोटे सामने घाला. सरासरी १.५ धरली तर (१२ + १५) भागिले १५ सामने = १.८. हा आकडा २.४ पेक्षा कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच जास्त विश्वासाचा. जसजसे खरे सामने वाढतील तसतसं त्या दहा खोट्या सामन्यांचं वजन आपोआप कमी होतं. खालच्या डिव्हिजनमधून वर आलेल्या तीन संघांना मात्र सरासरीपेक्षा खालच्या आकड्याकडे ओढा. खालच्या डिव्हिजनमधले त्यांचे गोल जसेच्या तसे उचलू नका.

"मागचे पाच सामने" हा फॉर्म मी वापरत नाही. पाच सामन्यांत प्रतिस्पर्धी कोण होते यावरच सगळं ठरतं. २०२३-२४ मध्ये शेफील्ड युनायटेडने १०४ गोल खाल्ले. त्यांच्याशी नुकताच खेळलेला कुठलाही संघ आठवडाभर वाघ दिसायचा.

टप्पा ३: घरचं मैदान

घरच्या संघाला फायदा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो किती, हे कोणी मोजत नाही. प्रेक्षकांचा त्यात मोठा वाटा असावा, याचा पुरावा २०२०-२१ च्या हंगामात मिळाला. कोविडमुळे बहुतेक सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. ३८० सामन्यांत यजमान १४४ जिंकले, पाहुणे १५३, बरोबरी ८३. पाहुण्यांनी यजमानांपेक्षा जास्त सामने जिंकले!

आपल्या कामासाठी ढोबळ नियम पुरे: यजमानाचे अपेक्षित गोल दहा टक्के वाढवा, पाहुण्याचे दहा टक्के घटवा. आर्सेनल २.३४ चे २.५८, व्हिला ०.९३ चे ०.८४.

> नेहमीची चूक: टप्पा २ मध्ये फक्त घरच्या सामन्यांचे आकडे घेतले असतील, तर घरचा फायदा त्यात आधीच मोजला गेला आहे. इथे पुन्हा दहा टक्के लावलेत तर तो दोनदा पडतो. एकाच गोष्टीचा दोनदा हिशेब हा या धंद्यातला सर्वांत महागडा घोटाळा आहे. पाचव्या टप्प्यात तो पुन्हा भेटेल.

विश्वचषकासारख्या स्पर्धेत मैदान तटस्थ असेल तर हा टप्पा सोडा.

टप्पा ४: गोलांवरून शक्यता

२.५८ गोल कोणी करत नाही. शून्य, एक, दोन, तीन असेच होतात. सरासरीवरून प्रत्येक आकड्याची शक्यता काढायला पॉयसनचं सूत्र वापरतात. शीटमध्ये ते तयार मिळतं, नाव 'पॉयसन डॉट डिस्ट'. गोलांचा आकडा द्या, सरासरी द्या, शेवटच्या जागी 'फॉल्स' लिहा.

आर्सेनल, सरासरी २.५८:
० गोल ७.६ टक्के, १ गोल १९.५, २ गोल २५.२, ३ गोल २१.७, ४ गोल १४.०, बाकीचे त्याहून जास्त.

व्हिला, सरासरी ०.८४:
० गोल ४३.२ टक्के, १ गोल ३६.३, २ गोल १५.२, ३ गोल ४.३, पुढे नगण्य.

आता पाढ्यांसारखा चौकोन आखा. आडवे आर्सेनलचे गोल, उभे व्हिलाचे. प्रत्येक घरात दोन शक्यतांचा गुणाकार. २-० चं घर: ०.२५२ × ०.४३२ = ०.१०९, म्हणजे शंभरात ११. हा या सामन्यातला सर्वांत संभाव्य स्कोअर, आणि तोसुद्धा शंभरात ८९ वेळा येणार नाही. नेमका स्कोअर सांगणाऱ्यांकडे बघताना हे लक्षात असू द्या.

कर्णावरची घरं मिळवली की बरोबरी, एका बाजूची मिळवली की आर्सेनलचा विजय, दुसऱ्या बाजूची मिळवली की व्हिलाचा. आपल्या सामन्यात: आर्सेनल ७५, बरोबरी १५, व्हिला १०.

साध्या पॉयसनची एक खोड आहे. दोन्ही संघांचे गोल एकमेकांशी संबंध नसल्यासारखे तो मोजतो, त्यामुळे ०-० आणि १-१ थोडे कमी दाखवतो. डिक्सन आणि कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये यावर दुरुस्ती सुचवली, तिचं गणित जरा किचकट आहे. वहीवाल्याने तुल्यबळ संघांच्या सामन्यात बरोबरीत शंभरातले एक-दोन वाढवावेत आणि दोन्ही बाजूंनी ते कापावेत. एकतर्फी सामन्यात हात लावू नये.

> तपासणी: तिन्ही आकड्यांची बेरीज शंभर येते का? ८८ आली तर चौकोन चार गोलांवर संपवला आहे. आठपर्यंत न्या.

> थांबा: बाद फेरीच्या सामन्यात हे तीन आकडे नव्वद मिनिटं आणि इंज्युरी टाइमपुरतेच असतात, जादा वेळ आणि पेनल्टी त्यात नाहीत. नेहमीचा तीन पर्यायांचा भावही तसाच असतो. २०२२ च्या विश्वचषकाची अंतिम लढत अर्जेंटिनाने पेनल्टींवर जिंकली, पण नव्वद मिनिटांच्या हिशेबात ती २-२ बरोबरी होती. "माझा संघ कप जिंकला तरी माझं चुकलं कसं?" हे भांडण आमच्या चहाच्या टपरीवर त्या रात्री झालंच.

टप्पा ५: आता डावपेच, आणि तेही मापात

इथपर्यंत येईपर्यंत सामन्याबद्दल एक शब्दही वाचायचा नाही. आता वाचा. पण प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारा: कोणाचे गोल बदलतील? वाढतील की घटतील? आणि हे आकड्यांत आधीच आलंय का? तिन्हींची उत्तरं एका वाक्यात देता आली नाहीत तर बातमी सोडून द्या. दुरुस्ती नेहमी अपेक्षित गोलांवर करायची, विजयाच्या टक्क्यांवर थेट नाही. आणि सगळ्या दुरुस्त्या मिळून दहा-पंधरा टक्क्यांच्या आत ठेवायच्या. २.५८ चे फार तर २.२ होतील, १.५ नाही.

*जखमी खेळाडू.* प्रश्न "कोण बाहेर?" हा नाही, "त्याच्या जागी कोण?" हा आहे. आणि तो किती दिवस बाहेर आहे? दहा सामन्यांपासून बाहेर असेल तर त्याच्याशिवायचा संघ तुमच्या आकड्यांत आलेलाच आहे. पुन्हा कापलंत तर दोनदा कापलंत.

*कोणाची शैली कोणाला अडते.* बचावफळी खूप पुढे ठेवणारा संघ आणि तिच्या मागे धावणारे वेगवान फॉरवर्ड, ही जोडी आली की निकाल दोन्ही टोकांना जाऊ शकतो. २२ नोव्हेंबर २०२२ ला कतारमध्ये सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध फळी इतकी वर ठेवली की पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले. त्यातला एखादा जरी वैध असता तर कदाचित तो सामना ३-० ने संपला असता आणि सौदीच्या प्रशिक्षकाला सगळ्यांनी वेड्यात काढलं असतं. झालं उलट. दुसऱ्या अर्ध्यात पाच मिनिटांत सौदीचे दोन गोल, १-२, ३६ सामने न हरलेला संघ हरला. यातून "वरची फळी चांगली" असा धडा काढणारे पुढच्याच आठवड्यात तोंडावर पडतात. अशा सामन्यात अनिश्चितता वाढते, म्हणून वरचढ मानल्या जाणाऱ्या संघाचे अपेक्षित गोल थोडे खाली आणा, एवढंच. प्रशिक्षक उनाई एमेरींचा व्हिलाही त्या हंगामात अशाच वर ठेवलेल्या फळीने खेळायचा. या एका कारणासाठी मी आपल्या उदाहरणात आर्सेनलचे अपेक्षित गोल थोडे कमी करीन, म्हणजे ७५ चे साधारण ७३ होतील.

*विश्रांती.* आर्सेनल मंगळवारी ९ एप्रिलला बायर्नशी खेळला होता, २-२. व्हिला गुरुवारी ११ एप्रिलला लीलशी खेळला, २-१ जिंकला, आणि रविवारी लंडनमध्ये उतरला. दोन दिवसांची कमी विश्रांती व्हिलाला, त्यातून बाहेरचं मैदान. थकव्याचा हिशेब करणाऱ्या प्रत्येकाने आर्सेनलचा आकडा वाढवला असणार. २०२२-२३ पासून लीगमध्ये पाच बदली खेळाडू उतरवता येतात, त्यामुळे थकव्याचं वजन पूर्वीएवढं धरण्यात अर्थ नाही. दोन दिवसांच्या फरकासाठी मी आकडा हलवत नाही.

*आघाडीचा परिणाम.* ज्या संघाने लवकर गोल केला तो मागे बसतो, हरणारा संघ फटके मारत सुटतो. मग आकडेवारीत हरणाराच भारी दिसतो. "१८ फटके मारूनही हरले, कमनशिबी!" असं वाटलं की त्यातले किती फटके पिछाडीवर असताना मारले ते बघा.

*गरज.* "त्यांना जिंकणं भागच आहे" हे कारण मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतं आणि सर्वांत कमी उपयोगी पडतं. हंगामाच्या शेवटी जिंकायची गरज असलेले संघ बहुतेक वेळा तळाशी असतात, आणि ते तळाशी का आहेत? गरजेने पाय सुधारत नाहीत. गरज नसलेला संघ मात्र राखीव मुलांना उतरवतो, तो फरक खरा असतो आणि संघयादीत दिसतो.

संघयादी सामन्याच्या तास-सव्वातास आधी येते. इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी साडेसातला, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेआठला सुरू होतो. यादी बघून एकदाच शेवटची दुरुस्ती करा, तीन आकडे पेनाने लिहा, वेळ टाका.

पेनाने म्हणतोय त्याला कारण आहे. पहिल्या हंगामात मी पेन्सिलने लिहायचो. दहाव्या मिनिटाला गोल झाला की "मला हेच वाटत होतं" म्हणत हळूच खोडायचो. मे महिन्यात माझी वही इतकी हुशार दिसत होती की मीच ओशाळलो.

टप्पा ६: आता भाव बघा

भावाची शक्यता काढायला १ ला भावाने भागा. समजा आपल्या सामन्याला भाव आहे आर्सेनल १.३०, बरोबरी ५.५०, व्हिला ९.५०. उलटे केले की ७६.९, १८.२, १०.५. बेरीज १०५.६. शंभराच्या वरचे हे ५.६ म्हणजे बुकीचा कट. प्रत्येक आकडा १०५.६ ने भागून शंभराने गुणलात की बाजाराचा, म्हणजे भावामागचा, खरा अंदाज उरतो: ७२.८, १७.२, १०.०.

आता नीट बघा. पाचव्या टप्प्याआधी आपण म्हणत होतो ७५, बाजार म्हणतो ७२.८. आपल्याला आर्सेनल बाजारापेक्षा भारी वाटतो. मग घ्यायचा? ०.७५ × १.३० = ०.९७५. शंभर लावले तर सरासरी साडेसत्त्याण्णव परत. आपलं बरोबर असूनही तोटा! बरोबरी: ०.१५ × ५.५० = ०.८३. व्हिला: ०.१० × ९.५० = ०.९५. तिन्ही बाजूंनी गुणाकार एकच्या खाली. जवळजवळ प्रत्येक सामन्यात हेच दिसेल. नुसतं बाजारापेक्षा बरोबर असून भागत नाही, कटाच्या पलीकडे बरोबर असावं लागतं.

आणि तुमचा आकडा बाजारापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळा आला तर हुरळून जाऊ नका. शंभरातले नव्वद वेळा तुमच्याकडे एखादी बातमी पोचलेली नसते किंवा शीटमध्ये यजमान-पाहुणे उलटे पडलेले असतात. मागे जाऊन टप्पा १ ची बेरीज तपासा.

> साखळी सट्ट्यापासून लांब: प्रत्येकी ७५ टक्क्यांचे पाच "पक्के" सामने एकत्र जोडले तर पाचही बरोबर येण्याची शक्यता ०.७५ चा पाचवा घात, म्हणजे शंभरात २४. त्यात ५.६ टक्क्यांचा कट पाच वेळा एकमेकांवर चढतो आणि शंभर रुपयांतले जवळपास २४ कटातच जातात. मोठ्या रकमेचे जे स्क्रीनशॉट फिरतात ते याच प्रकारातले असतात. हरलेल्यांचे स्क्रीनशॉट कोणी टाकत नाही.

"फिक्स मॅच" विकणाऱ्या चॅनेलची रीतही साधी आहे. अर्ध्या गिऱ्हाइकांना एक निकाल पाठवायचा, अर्ध्यांना दुसरा. ज्यांना बरोबर मिळाला त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात पैसे मागायचे.

ब्रिटनमधल्यांसाठी: तिथे क्रेडिट कार्डावरून जुगार खेळायला एप्रिल २०२० पासून बंदी आहे आणि स्वतःला सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांतून एकदम बाहेर काढायला गॅमस्टॉप ही सोय आहे. हरलेले पैसे त्याच रात्री परत मिळवायची घाई होऊ लागली की वही मिटा आणि ती सोय वापरा. भारतात अशी ओढ लागलेल्याने टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करावा, फुकट आहे.

टप्पा ७: निकालानंतर गुण द्या

आर्सेनल ०-२ हरला. ८४ व्या मिनिटाला व्हिलाच्या बेलीचा गोल, ८७ व्याला वॉटकिन्सचा. आपल्या चौकोनात ०-२ च्या घरात शंभरात एकच्या आसपास होता, व्हिलाच्या विजयाला दहा. मग आपली पद्धत चुकली का? एका सामन्यावरून सांगता येत नाही. शंभरात दहा म्हणजे दर दहा अशा सामन्यांत एकदा. तो कधीच आला नाही तरच काळजी करा.

गुण द्यायची रीत ब्रायरची. प्रत्येक पर्यायासाठी, तुमची शक्यता आणि जे घडलं (घडलं तर १, नाही तर ०) यांतला फरक घ्या, वर्ग करा, तिन्ही मिळवा. कमी गुण म्हणजे चांगला अंदाज. दुरुस्तीआधीचे ७५-१५-१० धरले आणि व्हिला जिंकला: ०.५६ + ०.०२ + ०.८१ = जवळपास १.४०. तोच आर्सेनल जिंकला असता तर ०.१० च्या आत. आणि काहीच न कळणाऱ्याने तिघांना सारखी शक्यता वाटली तर नेहमी ०.६७. तीस-चाळीस सामन्यांनंतर तुमची सरासरी ०.६७ च्या आसपास घुटमळत असेल, तर एवढा खटाटोप करून तुम्ही काहीच न करणाऱ्याएवढेच आहात. बाजाराच्या आकड्यांनाही त्याच रकान्यात गुण द्या. त्यांना मागे टाकणं किती अवघड आहे ते तेव्हा कळतं.

शंभर सामने झाले की दुसरी तपासणी. ७० ते ८० टक्के दिलेले सगळे पर्याय एका बाजूला काढा. त्यांतले साधारण तीन चतुर्थांश खरे ठरले पाहिजेत. कमी ठरले तर तुम्ही वरचढ मानल्या जाणाऱ्या संघाला फार डोक्यावर घेताय. माझं पहिल्या दोन हंगामांत नेमकं तेच होत होतं, आणि बरोबरीला मी कायम कमी देत होतो. बरोबरी व्हावी असं कोणालाच वाटत नसतं ना, म्हणून. मग दुरुस्ती करताना सूत्रातला एकच आकडा बदला आणि पुढचे पन्नास सामने त्याला हात लावू नका.

आकडे मिळतच नसतील तर

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की सगळं शहर अंदाज सांगतं, पण त्या सामन्यांचा एक्सजी कुठे मिळणार? आम्ही दोघं जण गॅलरीत मधोमध बसतो. एकाने एका गोलकडचे फटके मोजायचे, दुसऱ्याने दुसऱ्या. पेनल्टी बॉक्सच्या आतून मारलेल्या फटक्याला उभी रेघ, बाहेरच्याला टिंब, हेडरला फुली. पेनल्टी वेगळी. शेवटी रेघेला ०.१५, टिंबाला ०.०३, फुलीला ०.१० धरून बेरीज. माप ढोबळ आहे, पण सहा-सात सामन्यांनंतर कोण खरंच गोलसमोर पोचतंय आणि कोण एका लांबच्या फटक्यावर जिंकत आलंय ते कागदावर दिसायला लागतं. शेजारी आपापल्या पेठेची माणसं बसलेली असतात. वही मांडीवर उपडी ठेवायची, आणि "आज कोण?" असं कोणी विचारलं तर बेरीज होईपर्यंत शेंगदाणे खायचे.